सगळ्याला नाही

आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात माणूस दाखल झाला की पहिले काही दिवस त्याला मनाविषयी काही विचारायचं नाही, असा डॉक्टरांचा दंडक आहे. तो बरोबरच आहे. दारू उतरताना हात थरथरतात, झोप उडते, भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसतात. तेव्हा विचारलं तर सगळेच मनाचे आजारी ठरतील, बहुधा विचारणारीसकट. म्हणून प्रश्न शेवटी, घरी जायच्या सकाळी. ते विचारायचं काम माझं, कारण समुपदेशक मी. समोरच्याचं अर्धं लक्ष तेव्हा फाटकाकडे असतं.

एखादं उत्तर बिघडलं की मुक्काम वाढतो, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक. ठाऊक करून देणारे मामा. ते कुणाचेच मामा नाहीत, पण इथे इतक्यांदा येऊन गेलेत की नव्या नर्सला चादरी कुठे असतात ते तेच दाखवतात. घरी जाणाऱ्यांची ते आदल्या संध्याकाळी शिकवणी घेतात. "बाई विचारतील, आवाज ऐकू येतात का. नाही. उगाच रडू येतं का. नाही. डोकं वापरू नका. सगळ्याला नाही."

ही शिकवणी मला पाठ होती. म्हणून मी मधोमध एक प्रश्न घुसवला होता: जगावंसं वाटतं का? कोण ऐकतंय आणि कोण पोपटपंची करतंय, एवढंच कळावं म्हणून.

त्या सकाळी पहिला आला ट्रक ड्रायव्हर.

"जगावंसं वाटतं का?"

"नाही."

मी पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"म्हणजे हो. हो लिहा, बाई. नातवाला सायकल शिकवायचीय मला."

त्याच्यामागचा शिंपीही तसाच फसला आणि मामांच्या नावाने बोटं मोडत बाहेर गेला. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

मग आला लिफ्टवाला. लिफ्ट दुरुस्त करायचा त्याचा धंदा, आणि वॉर्डाचा तो लाडका. कुणाशी वाद नाही, गोळ्या वेळेवर, केंद्राची बंद पडलेली लिफ्टही त्यानेच चालू करून दिलेली. बायको बाहेर बाकावर त्याचे इस्त्रीचे कपडे घेऊन बसली होती. डॉक्टरांची सही झाली होती. घोडं फक्त माझ्यापाशी अडलं होतं.

"जगावंसं वाटतं का?"

"नाही."

"मामांचं सोडा," मी हसत म्हटलं. "या एका प्रश्नाला हो म्हणायचं असतं."

"माहीत आहे. शिंपी बाहेर तेच सांगत होता. तरी नाहीच लिहा."

माझं हसू तोंडावरच राहिलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

"कधीपासून असं वाटतंय?"

"पीतही नव्हतो तेव्हापासून. प्यायलो की रात्र निघून जायची. आता पिणं बंद झालं, रात्र आहे तशीच आहे." लिफ्टमधला बिघाड समजावून सांगावा तसा त्याचा आवाज होता.

"घरी गेल्यावर काय करायचं ठरवलंय?"

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "ठरवलंय," एवढंच म्हणाला.

मी त्याला एकटं न सोडता तिथूनच डॉक्टरांना बोलावलं. ते त्याच्याशी बराच वेळ बोलले आणि त्यांनी घरी जाणं रद्द केलं. बायकोला सांगायला आम्ही तिघंही बाहेर आलो.

ती माझ्यावरच उखडली. "पीत नाहीत ना आता? मग कशाला अडकवून ठेवताय? आम्ही काय कायम हेच करत बसायचं?"

मी तोंड उघडायच्या आत त्यानेच सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, सरळ, काही न गाळता. ती ऐकत होती. मांडीवरचे कपडे घसरून खाली पडले, ते तिने उचलले नाहीत.

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"तू रोज विचारायचीस, पिऊन आलात का. त्याचं उत्तर देत होतो."

डॉक्टर घसा खाकरून थांबले. मग तिने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.

"बसा," ती म्हणाली. "काय विचारायचं असतं ते मला माहीत नाही. तुम्हीच सांगा."