कार्डांची खालची पट्टी

माझी बायको धम्मशीला गेल्याचं मला मंगळवारी दुपारी कळलं. फेब्रुवारी 2007. मी विमानतळावरच्या कार्गोच्या शेडमध्ये फोर्कलिफ्टवर होतो. सुपरवायझरने हात वर करून गाडी बंद करायला लावली आणि फोन आणून दिला. पलीकडे दानुता होती, धम्मशीलाबरोबर हॉटेलच्या लाँड्रीत काम करणारी पोलिश बाई. ती रडत रडत तिच्याच भाषेत बोलत होती. मला त्यातला एकही शब्द येत नव्हता, पण काय झालं ते समजलं. मेंदूत रक्तस्राव, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. वय एक्कावन्न.

तिच्यामागे एक बुटाचं खोकं राहिलं. त्यात दोनशे शहाऐंशी कार्डं होती.

लाँड्रीत निरनिराळ्या देशांच्या बायका होत्या. त्यांच्याकडून तिने शब्द जमवले होते. अक्षरं तीच, पण देश बदलला की अर्थ वेगळा. बी-आर-ए-टी. इंग्रजीत वांड पोर, दानुताच्या भाषेत भाऊ. पी-ए-आय-एन. इंग्रजीत दुखणं, फ्रेंचमध्ये पाव. शनिवारी ती हाउन्सलोच्या लायब्ररीत बसून शब्दाचं मूळ शोधायची. मूळ एकच निघालं तर कार्ड बाद. जी-आय-एफ-टी म्हणजे जर्मनमध्ये विष, हे मला फार आवडलं होतं. तिने ते ठेवलं नाही.

"अहो, ती एकाच आईची आहेत," ती म्हणाली. "मला दिसायला सारखी आणि आई वेगळी अशी पाहिजेत."

तिचा एक नियम होता. ज्यांच्या घरात ती भाषा बोलतात अशा दोन माणसांनी कार्डाच्या खाली स्वतःच्या हाताने नाव, गाव आणि सही करायची. दोन सह्या झाल्याशिवाय कार्ड खोक्यात जायचं नाही. मी एकदा म्हणालो, डिक्शनरीत आहे ना, मग सह्या कशाला? तिने एका सहीवर बोट ठेवलं.

"ही बाई दिवसाला चारशे टॉवेल घडी करते. तिची भाषा कुठली, हे तिला या इंग्रजांच्या देशात कुणी विचारलंय का? मी विचारलंय. मग खाली तीच पाहिजे. सही नसलेलं कार्ड मी फेकून देते."

याचं पुस्तक करायचं आणि सगळ्यांची नावं छापायची, असं तिच्या मनात होतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाच्या, आधी राजेंद्र घरी आला. आमच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी, नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये. "दादा, वहिनींच्या आठवणीत छोटीशी पुस्तिका काढू. ते खोकं द्या." मी दिलं. कुणी दिलं? मीच.

रविवारी हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. त्रिशरण-पंचशील झालं. राजेंद्र बोलायला उठला. आधी पाच मिनिटं कष्टकरी स्त्रियांबद्दल बोलला. मग म्हणाला, "पण वहिनींचा सेन्स ऑफ ह्युमर तुम्हाला माहीत नाही!" आणि त्याने पुस्तिका उघडली.

"एफ-ए-आर-टी! इथं काय अर्थ होतो ते सांगायला नको. स्वीडनमध्ये? वेग! म्हणजे तिकडं हायवेवर वेगाची लिमिट असते तेव्हा—"

लोक हसले. पुढचा शब्द स्लट. इंग्रजीत चवचाल बाई, स्वीडिशमध्ये शेवट. "म्हणजे तिकडं सिनेमा संपला की पडद्यावर बघा!" पुन्हा हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून एक, राजाभाऊ!" दोनशे शहाऐंशी कार्डांतून त्याने सोळा निवडली होती आणि सोळाही तसलीच. समोर तिचा फोटो, हार, मेणबत्त्या. पहिल्या शब्दाला मीसुद्धा हसलो होतो. त्याची किळस अजून गेलेली नाही.

जेवणं सुरू झाल्यावर मी राजेंद्रने परत आणलेलं खोकं उघडलं. कार्डं आखूड झाली होती.

"राजेंद्र, खालचं कुठंय?"

"काय, दादा?"

"सह्या होत्या खाली."

"अच्छा, ते! ए-फोरवर चार कार्डं बसत नव्हती ना. थोडं बाहेर जात होतं. मग सकाळी ऑफिसातल्या कटरवर गठ्ठेच ट्रिम केले. इंचभर फक्त."

"सोळा छापायची होती ना? सगळी कशाला कापलीस?"

"एकसारखी दिसावीत म्हणून. आणि खाली होतं काय, नुसती नावंच ना? डेटा सगळा वर आहे."

"कॉपी लहान करून निघत नाही?"

"निघते. सुचलंच नाही, दादा."

"पट्ट्या कुठं टाकल्यास?"

"खोक्यातच राहिल्या होत्या, इथं आल्यावर टाकल्या," म्हणत त्याने हातातल्या चमच्याने मागच्या दाराकडे दाखवलं.

मागे चार काळ्या पिशव्या होत्या. मी कोटाच्या बाह्या वर करून दुसऱ्या पिशवीत हात घातला. वरण, भात, चोखलेली हाडं, ओले टिश्यू. कोपरापर्यंत ते सगळं लागलं. पट्ट्या सापडल्या. पिवळ्या, चिकट, शाई फुटलेली. काही वाचता येत होत्या, पण कुठली पट्टी कुठल्या कार्डाची ते कसं कळणार? पट्टीवर शब्द नव्हता.

राजेंद्र मागे येऊन उभा राहिला. त्याने नाकाला रुमाल लावला होता.

"दादा, सोडा ना हे. घाण आहे. मला नावांची यादी द्या, टाइप करून स्टिकर काढून देतो. उद्याच्या उद्या."

"सही टाइप करतात का?"

"कुणाला कळणार आहे?"

मी हात धुतले, खोकं उचललं आणि बसने घरी आलो. त्यानंतर मंडळात गेलो नाही.

सोमवारी सुट्टी घेऊन लाँड्रीत गेलो. कार्डं खाली कोऱ्या पट्ट्या चिकटवून नेली होती. दानुताने पुस्तिका मागितली. सगळी पानं उलटून पाहिली.

"माझा भाऊ यात नाही? बी-आर-ए-टी?"

"नाही. फक्त घाणेरडे शब्द आहेत."

तिने पुस्तिका मळक्या चादरींच्या ट्रॉलीत टाकली, हात एप्रनला पुसले आणि पेन मागितलं. जेवणाच्या सुट्टीत तिने एकवीस कार्डांवर सही केली. प्रत्येक कार्ड आधी वाचलं. दोन शब्द आपण दिल्याचं तिला आठवेना, त्यांवर केली नाही. मी आग्रह केला नाही.

पण प्रत्येक कार्डाला दोन माणसांच्या सह्या लागतात. दुसरी पोलिश बाई क्राकोला परत गेली होती. रुमेनियन मुलगी काम सोडून कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. स्वीडिश शब्द विमानात काम करणाऱ्या दोन बायकांनी दिले होते. त्या हॉटेलात दर आठवड्याला उतरायच्या, आता त्यांची कंपनी दुसऱ्या हॉटेलात जाते. मी त्या हॉटेलच्या रिसेप्शनवर तीन रविवार उभा राहिलो. चौथ्या रविवारी रिसेप्शनवाल्यांनी मला उभं राहायला मनाई केली.

आज ऑक्टोबर 2008. एकाहत्तर कार्डांवर दोन्ही सह्या झाल्या आहेत, चव्वेचाळीसांवर एक. एकशे एकाहत्तर कार्डांखालची पट्टी कोरी आहे.