कुठल्या पानावर होतीस?

मित्रांनो, आधीच सांगतो, माझा तळ बघून मला नावं ठेवू नका. मी एक जुना टोप आहे, दूध तापवायचा, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. मालनच्या लग्नात तिच्या काशीराममामांनी मला आहेर म्हणून घेतलं. दुकानात मला टिचकी मारून पाहिलं आणि माझ्या काठावर तिचं नाव ठोकून घेतलं. ठोकताना दुखलं, पण ऐटही वाटली. त्या नावासकट मी मालनबरोबर कांदिवलीच्या एका चाळीत आलो. ते साल त्र्याऐंशी.

दोन खोल्यांचं घर. मालनचा नवरा लवू, सासू शेवंतीबाई आणि लग्नाला आलेली नणंद माणिक. माझं काम एकच, केंद्रावरून बाटल्यांतून आलेलं दूध तापवायचं. ते उतू जाऊ न देणं हे मालनचं काम. आणि इथेच सगळी वाट लागली, कारण मालनला कादंबऱ्यांचं भारी वेड! स्टेशनजवळच्या वाचनालयातून ती पुस्तक आणायची आणि स्टोव्हपाशी उभी राहून वाचायची. एका हातात सांडशी, दुसऱ्या हातात कादंबरी. वाचताना पुटपुटायची तिला सवय होती, त्यामुळे मलाही सगळं ऐकू यायचं. खरं सांगू? मलाही गोडी लागली.

पहिली कादंबरी ऐतिहासिक होती. तिच्यात एका ठिकाणी वाक्य आलं, ‘सेनापतींनी टोप उतरवला.’ मी केवढा हरखलो! राजवाड्यातसुद्धा टोप वेळेवर उतरवतात, मग ही बया मला का उतरवत नाही? तो टोप डोक्यावरचा होता हे मला पुढच्या पानावर कळलं. तोवर दूध माझ्या काठावरून स्टोव्हवर गेलं होतं.

समोरच्या खोलीतली वसुधा याच वाचनालयाची सभासद. मला घासता घासता मालन तिला सांगायची, “अगं, एवढा शूर माणूस, तीन किल्ले घेतले त्याने, पण बायको आजारी आहे हे त्याला घोड्यावरून उतरल्यावर दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं. मला तर असा राग आला ना!”

“मग अर्ध्यात सोडायची.”

“सोडते कशाला? शेवटी रडलेच की मी.”

मग एक अद्भुत कादंबरी आली. समुद्राखालचं राज्य, माणसांच्या सावल्या विकत घेणारी राणी. मालन दोन दिवस भारावलेली होती. तिसऱ्या दिवशी फणकारली. “वसुधा, एवढं मोठं राज्य, पण एकदाही कुणाच्या घरी चूल पेटली नाही बघ. ही माणसं खातात काय?” मला तर हे अगदी पटलं. त्या राज्यात एकही टोप नव्हता! तरी त्या राणीपायी माझा तळ दोनदा करपला. शेवंतीबाई राख आणि काथ्या घेऊन मला खरवडायच्या आणि मालवणीत बोलायच्या, “लक्ष खंय असता गो तुझा? पुस्तक वाचून पोट भरता काय?” मालन मान खाली घालून हसायची. बाईंच्या बोलण्यात तेव्हा राग कमी आणि सवय जास्त होती.

तिसरी कादंबरी मात्र वेगळीच. “काहीच घडत नाही गं हिच्यात,” मालन वसुधाला म्हणाली, “एक बाई खिडकीत बसते, भाजी निवडते, विचार करते. पण सोडवत नाही यार. माझ्या मनातलं हिला कुणी सांगितलं?” त्या बाईचा नवरा न सांगता निघून गेलेला असतो. वर्षं जातात. आणि शेवटाकडे एका दुपारी दारावर थाप पडते.

मालन त्या पानापर्यंत आली त्याच दुपारी आमच्या घरी माणिकला बघायला पाहुणे आले होते. स्थळ चांगलं होतं. शेवंतीबाईंनी सकाळपासून देव पाण्यात ठेवले होते. बाहेरच्या खोलीत पोहे गेले. आत मालनने चहासाठी मला स्टोव्हवर ठेवलं. घरातलं होतं नव्हतं तेवढं दूध माझ्यात होतं. पोळ्यांच्या डब्याखाली ते पुस्तक होतं. एकच पान, असं म्हणून तिने ते उचललं.

कादंबरीतली बाई उठली. दारापाशी आली. तिने कडीवर हात ठेवला. माझ्यात दूध वर चढू लागलं. वाती खाली कर, मालन! मी तळापासून ओरडत होतो. मित्रांनो, मला एवढं मोठं तोंड दिलंय, पण त्यातून एक शब्द फुटत नाही. दूध फसफसून बाहेर पडलं, उरलेलं तळाशी लागलं, आणि करपल्याचा वास बाहेर पाहुण्यांपर्यंत गेला.

पाहुण्यांना कोरा चहा द्यावा लागला. ते कसंनुसं हसले. पुढच्या आठवड्यात नकार आला. तो दुधामुळे आला की आणखी कशामुळे, कुणीच सांगितलं नाही. माणिक भिंतीकडे तोंड करून रडली. शेवंतीबाई ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “मालन, पुस्तक नको आता ह्या घरात.” लवू म्हणाला, “राहू दे ना आता, आईचं ऐक.” शेवटची पानं न वाचताच मालनने पुस्तक परत केलं आणि वाचनालयातलं नाव काढून आली.

वसुधाने ती कादंबरी पुरी वाचली होती. ती दारात येऊन म्हणाली, “सांगू का तुला, काय होतं शेवटी?”

“नको,” मालन घाईने म्हणाली. “मी वाचीन ना कधीतरी.”

त्यानंतर माणिकचं लग्न झालं, चांगलं झालं. तरी पुस्तक घरात आलं नाही, आणि मालननेही विषय काढला नाही. आता ती माझ्यासमोर हात बांधून उभी राहते, नजर दुधावर. दूध वर आलं की लगेच वाती खाली. माझा तळ कधी करपत नाही. सून सुधारली, असं चाळीत सगळे म्हणतात. मला मात्र एक दिवस करपू दे, असं रोज वाटतं.

परवा दूध वर येत होतं. तिचा हात वातीच्या खटक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. “उघडलं असेल का रे तिने दार?” ती पुटपुटली. घरात कुणी नव्हतं. ती मलाच विचारत होती. मला कुठे माहीत होतं? तिने वाती खाली केल्या आणि मला उतरवलं.

मित्रांनो, भांड्यांची काळजी घ्या, दुधावर लक्ष ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी कधी दूध उतू गेलं आणि हातात पुस्तक घेऊन आई ओशाळून उभी असली, तर स्टोव्ह पुसून घ्या आणि तिला विचारा, “कुठल्या पानावर होतीस?” आमच्या घरात सगळ्यांना बोलता येतं, पण हे कुणीच विचारलं नाही. मी विचारलं असतं.