कोरडी नळी

नाथसागराच्या फुगवट्यात, काठ अजून बराच लांब असताना, आसारामच्या बोटीचं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. बोटीत कांदे काढून परतणाऱ्या नऊ बाया होत्या आणि त्यांची मुकादम, म्हणजे आसारामचीच बायको विजयमाला. वारा सुटला होता. बोट सरकत होती ती नेमकी पाण्यातच उभ्या असलेल्या, पाणीउपशाच्या जुन्या विहिरीकडे. तिच्या फुटक्या कठड्यातून लोखंडी गज बाहेर आले होते.

"एअर धरली," आसाराम म्हणाला. त्यानं फिल्टरचा स्क्रू सैल करून बुडबुडे जाऊ दिले, हँडल मारलं. इंजिन चाललं आणि पुन्हा बंद पडलं.

"डिझेलची नळी तर कालच नवी टाकली ना तुमी?" विजयमालानं विचारलं.

"व्हय. बघ की, कुटं थेंब तरी गळतोय का?"

नळी खरंच कोरडी होती. पण ती होती फवारणी पंपाची. शेवगावला जायचा कंटाळा, दुसरं काय! घरातलाच तुकडा तोडला, सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि गडी नवी म्हणून सांगून मोकळा झाला. आता गज मोजता येतील इतके जवळ आले होते. बायांपैकी एकीलाही पोहता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला लाज वाटत होती, पण भीती लाजेहून मोठी झाली.

"नवी न्हाई ती," तो म्हणाला. "फवाऱ्याची हाय. सांदा ट्यूबनं बांदलाय."

विजयमालानं वाकून सांधा बघितला. मग म्हणाली, "दूध काढायच्या मशीनची नळी चिरली की दूध सांडत न्हाई, हवा वढती. तसंच झालंय हे. कॅन वर घेतला की डिझेल आपसूक उतरंल."

फळीखालचा कॅन तिनंच उचलला आणि घागर घ्यावी तसा डोक्यावर घेतला. सांध्यातून डिझेल ठिबकू लागलं. आसारामनं पुन्हा एअर काढली, हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि चालू राहिलं. गज हातभर अंतरावरून मागे गेले. काठ लागेपर्यंत तिनं मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेवगावहून डिझेलची खरी नळी आणि क्लिपा आणून बसवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बाया काठावर उभ्याच राहिल्या.

"पक्की बसवलीय," आसाराम म्हणाला.

अकरा वर्षं त्याच्या शब्दावर बोटीत बसणाऱ्या बाया, पण कुणी पाय उचलला नाही. विजयमाला आत उतरली. तिनं सांधा बोटांनी चाचपला, क्लिप पिळून पाहिली.

"बसा गं," ती म्हणाली, तेव्हा बाया बसल्या.