उंदरांचा आकडा

नेरेइदा उमान्या बावीस वर्षं घोड्यांशी अहो-जाहो करत आली होती. त्यात कौतुक काही नाही. त्या गावात कुत्र्यालाही ‘या, बसा’ म्हणतात आणि रांगणाऱ्या पोरालाही. कौतुक करायचं तर तिच्या हाताचं करावं. घोड्याच्या मानेतली शीर ती डोळे मिटून शोधून काढायची. सर्पदंशावरचं औषध बनवणाऱ्या त्या संस्थेत मोठमोठ्या पदव्यांचे लोक होते, पण रक्त काढायचं म्हटलं की सगळे नेरेइदाकडेच बघायचे.

संस्थेला मात्र लपायची खोड. रस्त्याकडच्या काचांना पांढरा रंग, फाटकावर पाटी नाही, आणि नोकरांना सक्त ताकीद, कुणी विचारलं तर ‘औषधाचा कारखाना’ एवढंच सांगायचं. लपवलं की लोकांना वास लागतोच. एर्मेलिंदाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिकेनं वरच्या वाटेवरून फोनवर चित्रण केलं. घोडा उभा, मानेला नळी, नळीत लाल रक्त. आठवड्याभरात गावभर झालं की तिथे घोडे पिळून मारतात.

घोडे चरायचे ते कुरण नगरपालिकेचं. करार संपत आलेला. सात सभासद शनिवारी संस्था बघून तिथल्या तिथे हात वर करून मत देणार होते, आणि बाई त्या सातांतल्याच एक. नकार आला तर घोडे दूर किनाऱ्याकडे जाणार होते. अंथरुणाला खिळलेल्या आईला सोडून नेरेइदाला तिकडे जाता येणार नव्हतं. घोडे नाहीत ही कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

संचालक डॉक्टर ओल्हेर सेलेदोन माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. त्यानं नेरेइदाला बाजूला घेतलं.

“शनिवारचं रक्त काढणं पुढे ढकला. लोकांना पडद्यावर चरणारे घोडे दाखवू, वर मक्याचे गरम तामाल खायला घालू. आणि हे बघा, उंदरांचं नाव काढायचं नाही. घोडे आपल्याला निभावून नेतील.”

“ढकलता येत नाही, डॉक्टर. विषाचा डोस दिल्यावर दिवस मोजून रक्त घ्यावं लागतं. सभासद येणार म्हणून तबेल्यातल्या कोलोचोंचं रक्त थांबणार आहे का?”

डॉक्टरनं कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाला नाही.

शनिवारी सकाळी पडद्यावर हिरवंगार कुरण दिसायला लागलं आणि तिसऱ्याच चित्राला एर्मेलिंदाबाई उठून उभ्या राहिल्या. “डॉक्टर, असली चित्रं मी पहिलीच्या पोरांना दाखवायची. ती नळी कुठे आहे?”

डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. मागून नेरेइदा म्हणाली, “चला बाई, दाखवते.”

तबेल्यात कोलोचो, म्हणजे कुरळ्या आयाळीचा तो करडा घोडा, आपल्या जागी उभा होता. नेरेइदानं त्याची मान थोपटली. “नीट उभे राहा हं. पाहुणे आलेत, शोभा करू नका.” सुई गेली. घोड्यानं एक कान हलवला आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. पिशवी भरत होती तशी ती सांगत गेली. विष अगदी थोडं टोचतात, घोड्याचं रक्त त्याच्याशी झुंजायला शिकतं. कधी टोचल्या जागी सूज येते, मग त्या घोड्याला सुट्टी. “रक्त निवळलं की वर येणारं पिवळं पाणी आम्ही ठेवतो. त्याचंच औषध होतं. खालचं लाल उद्या त्यांचं त्यांना परत.”

“परत देता?” एक जाडा सभासद म्हणाला. “माझ्या मेव्हण्याला पाठवतो तुमच्याकडे शिकायला!”

सगळे हसले. डॉक्टरच्या जिवात जीव आला आणि त्यानं तामालकडे हात केला. तेवढ्यात बाईंनी विचारलं, “म्हणजे या औषधापायी एकही जनावर मरत नाही. सांगू असं गावात?”

डॉक्टरनं नेरेइदाकडे पाहिलं. नुसती मान हलवली असती तरी कुरण पदरात होतं, घोडे तिचे होते. ती बाईंकडे वळली.

“नाही बाई, असं सांगू नका. उंदीर मरतात.”

तबेल्यात कुणी हसेना.

“औषधाच्या दर घाण्याला एकशे वीस उंदीर लागतात. अर्ध्याहून जास्त जातात. औषध विषाला पुरं पडतं का, हे त्यांच्यावर बघितल्याशिवाय बाटली बाहेर जात नाही. त्या खोलीत मी दोन वर्षं काढलीत. पहिले महिने घास उतरायचा नाही. तेव्हा याच्या दुप्पट लागायचे, आता कमी केलेत, वेदना कमी व्हायचं औषधही देतो. शून्यावर आले तर सगळ्यांत आधी मी नाचेन. अजून आलेले नाहीत.”

“आणि लाज नाही वाटत?”

“वाईट वाटतं. लाज वाटते ती इतकी वर्षं लपवल्याची. पण बाई, केळीच्या मळ्यात साप चावलेला माणूस आपल्या पायांनी घरी जातो ना, तेव्हा माझी छाती फुगते. ती फुगणारच!”

डॉक्टर जमिनीकडे बघत होता. सभासद अंगणात गेले. तीन हात वर झाले, तीन खालीच राहिले. उरल्या एर्मेलिंदाबाई.

“उंदरांचं मला पटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण आज मला इथे कुणी फसवलं नाही. कुरण द्या. मात्र दर महिन्याला फाटक उघडायचं, उंदरांचा आकडा फाटकावर लिहायचा, आणि लोकांशी बोलायला डॉक्टर नकोत, या हव्यात.” आणि त्यांनी हात वर केला.

नेरेइदाला रडू आवरेना. कारकुनानं ठराव लिहायला घेतला. “नाव सांगा. आणि हुद्दा?”

बावीस वर्षं तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘सर्वसाधारण मदतनीस’ असं छापून येत होतं. तिनं हात अंगरख्याला पुसले.

“नेरेइदा उमान्या. सापाच्या विषावरचं औषध बनवते, असं लिहा.”

कारकुनानं डॉक्टरकडे पाहिलं.

“लिहा हो,” डॉक्टर म्हणाला. “बनवतातच त्या.”