कुंपणाबाहेरचा नारळ

त्या खोलीतला पंखा फिरायला लागला की याकूबशेठचं नावही गरगर फिरायचं. पात्यांवर लाल रंगात लिहिलं होतं, 'हाजी याकूब यांच्यातर्फे'. ट्यूबलाइटवर तेच, पाण्याच्या पिंपावर तेच, चटयांच्या काठावर तेच. चपला ठेवायच्या फळीलासुद्धा शेठनी सोडलं नव्हतं. असे दानशूर गृहस्थ तुमच्या-आमच्या प्रत्येक गावात असतात. कोणी देवळाच्या पायरीवर असतं, कोणी शाळेच्या बाकावर. आपण त्या बाकावर टेकतो, नाव वाचतो आणि आपल्या वाटेने जातो. त्यात कोणाचं काही बिघडत नाही. बिघडतं कुठे, ते सांगण्यासाठीच ही हकिगत.

तारापूर गावातली ती खोली शेठनी मुलांच्या कुराणाच्या वर्गासाठी दिली होती. शिकवायची हिना. तिचा नवरा बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होता. घरचं आवरून ती रोज दुपार कलली की खोलीची किल्ली घेऊन निघायची. गावातली मुलं यायची, बोईसरहून कामगारांची चार-पाच हिंदी बोलणारी मुलंही यायची. पाठांतर तर तिच्या वर्गात कडक होतंच, पण नुसत्या पाठांतरावर तिचा राग होता. "पोपट झाडावर शोभतो, माझ्या चटईवर नको," असं ती मुलांना ठणकावायची आणि दर शनिवारी कुराणातली एक गोष्ट अर्थासकट सांगायची.

त्या पावसाळ्यात शेठनी मुलांना रेनकोट वाटले. मागे फलक, पुढे मुलं, फोटो निघाले. तेवढ्यात बोईसरचा छोटा मेराज सगळ्यांसमोर म्हणाला, "चाचा, ये तो छोटा है." मुलं खिदळली. शेठचा चेहरा उतरला.

"हिना, या मुलांना जरा शुक्र शिकव," जाताना ते म्हणाले. "अल्लाने दिलं, त्याचे आभार नाहीत, देणाऱ्याची कदर नाही. देणाऱ्यापुढे मान खाली हवी. गरिबाला नम्रपणाच शोभतो."

"आणि श्रीमंताला, चाचा?"

"त्याला कशाला शिकवायला हवं? तो देतोच आहे की!" असं म्हणून शेठ मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण देतो, एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात गेली होती.

शेठनीच सांगितलं होतं, म्हणून पुढच्या शनिवारी हिनाने शुक्राची, म्हणजे कृतज्ञतेची, गोष्ट निवडली. बागवाल्यांची गोष्ट.

"एका नेक माणसाची बाग होती," ती सांगू लागली. "फळं उतरवायच्या दिवशी तो बागेचं दार उघडं ठेवायचा. गोरगरीब यायचे, आपला वाटा घेऊन जायचे. पुढे तो वारला आणि बाग मुलांकडे आली. मुलं म्हणाली, बाग आपली, फळं आपली, मग ही गर्दी कशाला? त्यांनी ठरवलं की पहाटेच जायचं आणि गुपचूप फळं उतरवून घ्यायची. निघाले. वाटेत कुजबुजत होते, आज एकही मिस्कीन आत येता कामा नये."

"मिस्कीन म्हणजे?" एकाने विचारलं.

"ज्याच्याजवळ काही नाही तो. पण रात्रीच त्या बागेवर आफत येऊन गेली होती. बघतात तर काय, बाग जळून काळी पडलेली! आधी वाटलं, आपण रस्ता चुकलो. मग कळलं, रस्ता बरोबर आहे, चुकलो ते आपणच."

तेवढ्यात पुढच्या रांगेतून अरीबा उठून उभी राहिली. नऊ वर्षांची, दोन वेण्यांची अरीबा म्हणजे याकूबशेठची लाडकी नात.

"आपा, आमच्या वाडीत पण परवा असंच झालं. पहाटे फजरची नमाज झाली आणि दादाजान गड्यांना घेऊन नारळ उतरवायला गेले. फाटकाला आतून कुलूप लावलं. म्हणाले, आवाज करू नका, त्या बायका येतील." तिचा आवाज कापरा झाला. "आपा, आमची वाडी पण जळणार?"

हिनाला यातलं काहीच माहीत नव्हतं! तिने अरीबाला जवळ घेतलं आणि म्हणाली, "गोष्टीतली मुलं शेवटी चूक कबूल करतात, बेटा. म्हणतात, आम्हीच जुलूम केला, अल्ला आम्हाला याहून चांगलं देईल. कबूल करायला उशीर होत नसतो."

घिवलीच्या रस्त्यावरची शेठची नारळाची वाडी सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. शेठच्या वडिलांनी तिथे एक रिवाज घालून दिला होता. नारळी पौर्णिमेआधी नारळ उतरवायचे त्या दिवशी फाटक सताड उघडं ठेवायचं. कुंपणाबाहेर पडलेला नारळ आणि खाली आलेली प्रत्येक झावळी, जो येईल त्याची. घिवलीच्या मच्छीमार बायका टोपल्या घेऊन यायच्या. झावळ्यांचे खराटे व्हायचे, मासळी सुकवायच्या जागेला आडोसा व्हायचा, आणि एक नारळ पौर्णिमेला दर्यात जायचा. मासळीचा हंगाम आला की त्याच बाया शेठच्या घरी सुके बोंबील आणून द्यायच्या. कोणी कोणाचे आभार मानत नव्हतं, कारण कोणी उपकारच करत नव्हतं.

पण गेल्या वर्षी शेठनी कुंपण काढून दगडी भिंत घातली. आत मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे टोपल्यांची गर्दी बरी दिसत नाही, असं त्यांना वाटू लागलं. आणि भिंत एवढी उंच, की नारळाने ठरवलं तरी बाहेर पडायची सोय नव्हती!

मुलांच्या तोंडून गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी शेठ तणतणत हिनाच्या दाराशी आले.

"मी शुक्र शिकव म्हटलं, माझी नालस्ती शिकव नाही म्हटलं!"

"मी कुराणातली गोष्ट सांगितली, चाचा. तुमचं नाव त्यात कुठेच नव्हतं."

"सगळ्या गावाने घातलं ना! आता ऐक. उद्या वर्गात तू सांगायचं की अरीबाचा गैरसमज झाला. आणि तिने सगळ्यांसमोर माझी माफी मागायची. नाही तर खोलीची किल्ली परत दे."

मशिदीच्या जमातीतले वयस्कर मुनाफभाई सोबत होते. ते हळूच म्हणाले, "हिना, ऐक माझं. एवढ्याने काय होतं? वर्ग बंद पडला तर मुलं कुठे जातील?"

प्रश्न खरा होता. हिनाच्या घरात दोन माणसं नमाजला उभी राहिली की तिसऱ्याला जागा नव्हती. बोईसरच्या त्या मुलांना दुसरा वर्ग नव्हता. ती घुटमळली. तेवढ्यात गल्लीतून काशीबाई आली. डोक्यावर मासळीची टोपली. घिवलीची ही म्हातारी हिनाला लहानपणापासून ओळखत होती. शेठना पाहून ती थांबली, पण मान काही तिने खाली घातली नाही.

"शेट, तुमच्या बापाच्या वेळेपासून मी त्या फाटकात येतंय," ती म्हणाली. "नारळ बाजारात पण मिळतंय, त्याचं कायपण नाय. पण आमी बाहेर उभ्या आनि तुमी आतून कुलूप लावलंव. आमी काय चोर हाव?"

शेठनी तोंड फिरवलं. पण हिनाचं घुटमळणं संपलं. तिने खुंटीवरची किल्ली काढली आणि शेठच्या हातावर ठेवली.

"खरं बोलल्याबद्दल एका मुलीला माफी मागायला लावू? मग उद्या मी मुलांना शिकवू तरी काय? घ्या तुमची किल्ली, चाचा. खोली तुमची होती. गोष्ट तुमची नाही, ती मी नाही देणार!"



दुसऱ्या दिवशी वर्ग भरला तो घिवलीच्या रस्त्यावर, शेठच्या वाडीच्या फाटकासमोरच्या वडाखाली. वडावर कोणाचं नाव नव्हतं. बसायला काशीबाईने मासळी सुकवायची ताडपत्री आणून दिली. धुतलेली होती, तरी बोंबलाचा वास यायचा तो आलाच. मुलं नाकं धरून खिदळत बसली. काही आयाबापांनी शेठच्या धाकाने मुलं पाठवली नव्हती. अरीबा तर नव्हतीच. पण मेराज आखूड बाह्यांचा रेनकोट घालून पहिल्या रांगेत हजर!

पाठ सुरू झाला तसे शेठ फाटक उघडून बाहेर आले.

"रस्त्यावर मुलं बसवून माझी अब्रू काढतेस?"

"जिथे जागा मिळाली तिथे बसलो, चाचा."

"त्या बायका नारळाचं काय करतात ठाऊक आहे ना? दर्याची पूजा करतात! आणि तू मला दीन-धर्म शिकवतेस?"

हिना उठून उभी राहिली. "ठाऊक आहे. तुमच्या वडिलांनाही ठाऊक होतं. त्यांनी दिलं, पुढे विचारलं नाही. कुराणात त्या बागेच्या दाराशी येणाऱ्यांना मिस्कीन म्हटलंय, बस्स. त्यांची जात, त्यांचा धर्म, ते फळाचं काय करणार होते, यातलं काहीच विचारलेलं नाही. मग आपण कोण विचारणारे?"

"वाडी माझ्या मेहनतीची आहे!"

"भिंत तुमच्या मेहनतीची आहे. या माडांना खारं वारं सोसायची ताकद तुम्ही दिलीत? पाऊस तुम्ही पाडलात? तुम्ही म्हणालात, मुलांना शुक्र शिकव. शिकवते. पण ज्याच्या हातात आधी आलं, त्याने आधी मानायचा असतो शुक्र! रेनकोट मिळालेल्या मेराजचा नंबर त्याच्या नंतर लागतो."

शेठचा चेहरा लाल झाला. त्यांनी फाटक धाडकन लोटलं आणि आत गेले. हिनाने पुस्तक उघडलं, पण अक्षर दिसेना. आपण मुलांचं नुकसान तर करत नाही ना, हा विचार तिला पोखरत होता.

आणि मग फाटकाखालच्या फटीतून एक नारळ घरंगळत बाहेर आला.

मुलं बघत राहिली. थोड्या वेळाने दुसरा आला. तो रस्ता ओलांडून थेट ताडपत्रीला येऊन टेकला. तिसरा फटीत अडकला, आतून कोणीतरी लहान पायांनी ढकलला, आणि तोही सुटला! वर्ग ओरडायला लागला.

आतून शेठचा आवाज आला, "अरीबा! काय चाललंय?"

फाटक उघडलं. अरीबा उभी होती. वेण्या सुटलेल्या, फ्रॉक चिखलाने माखलेला, पायाशी नारळांचा ढीग.

"दादाजान, भिंत उंच आहे, वरून जात नाहीत," ती हमसून रडत म्हणाली. "म्हणून खालून ढकलले. तुम्हीच सांगितलं होतं ना, कुंपणाबाहेर गेला की तो आपला नसतो? मोठे दादाजान तसं म्हणायचे ना? मी रोज सकाळी उठून बघते, वाडी जळली का. मला भीती वाटते!"

ज्या रिवाजाची गोष्ट याकूबशेठ नातीला मांडीवर घेऊन अभिमानाने सांगायचे, तीच चिखलाच्या हातांनी त्यांच्यापुढे उभी होती. रोज सकाळी हे पोर आपल्या वाडीकडे भीतीने बघतं! हे शिकवलं आपण तिला? त्यांचे डोळे भरून आले. ते वाकले, रस्त्यावरचा एक नारळ उचलला आणि हिनाकडे पाहू लागले.

"तो आता तुमचा नाही, चाचा," हिना म्हणाली. आवाज मऊ होता, पण शब्द तेच होते.

शेठनी मान हलवली. ताडपत्री परत न्यायला आलेली काशीबाई वडाच्या पलीकडे उभी होती. शेठ रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेले आणि दोन्ही हातांनी नारळ पुढे केला.

"काशीबाई, चुकलो. माझ्या बापाचं फाटक मी बंद केलं."

काशीबाईने नारळ घेतला. हातात तोलून पाहिला. आभार मात्र मानले नाहीत.

"एका नारळान नाय भागायचं, शेट," ती म्हणाली. "फाटक उघडा ठेवा. मंग बोंबील आनून देतंय."

अर्धे माड अजून उतरवायचे राहिले होते. ते दोन दिवसांनी, भर उन्हात, फाटक सताड उघडं ठेवून उतरवले. घिवलीच्या बायका टोपल्या घेऊन आल्या. मुंबईच्या पाहुण्यांनी विचारलं की ही कसली गर्दी, तेव्हा शेठ म्हणाले, "वाडीच्या मालकिणी आहेत." आणि स्वतःच झावळ्या ओढायला लागले. पुढच्या आठवड्यात रस्त्याच्या बाजूची भिंत कमरेएवढी ठेवून वरची उतरवली.

खोलीची किल्ली घेऊन शेठ हिनाकडे आले, तेव्हा तिने लगेच हात पुढे केला नाही.

"एका अटीवर, चाचा. पंख्यावरचं नाव पुसायचं. मुलं वर बघतात तेव्हा त्यांना वारा लागू दे, नाव नको."

शेठ हसले. नाव त्यांनी स्वतः शिडीवर चढून काथ्याने घासून काढलं. शिडी मेराजने धरली होती. खाली उतरून शेठनी त्याला विचारलं, "कितव्या नंबरचा रेनकोट लागतो रे तुला?"

मित्रहो, कृतज्ञता आपण नेहमी घेणाऱ्याला शिकवत बसतो. त्याने मान खाली घालावी, हात जोडावे, फोटोत हसावं. पण ज्याच्या पदरात जास्त पडलंय, त्याच्यावर तिचं ओझंही जास्त आहे, आणि ते फेडायची एकच रीत आहे, दार उघडं ठेवण्याची. आपल्या मुलांना धर्मग्रंथातल्या गोष्टी जरूर सांगा. आणि मूल उठून "आपल्या घरी पण असंच होतं ना?" असं विचारेल, तेव्हा त्याला गप्प बसवू नका. त्या वेळी त्याचं पाठांतर संपलेलं असतं आणि शिक्षण सुरू झालेलं असतं!