राजाशेजारची जागा

ओपूस गावच्या बायका जात्यावर बसल्या की पहिली ओवी आयास राजाची म्हणत.

समुद्रानं नेला राजा, हाड एक ना घरी आलं
आमच्या गं रांगेमधी त्याचं ठिकाण राखलं

फिलिन्नाच्या तोंडी ही ओवी लहानपणापासून होती. पण त्या सकाळी सातू दळताना तिनं ती गाळून दुसरीच धरली. राजाशेजारची जागा या खेपेला तिच्या नवऱ्याला, द्रीमासला, मिळाली होती.

आयास राजा चणीनं लहान होता म्हणतात. वाऱ्यासारखा पळायचा आणि एक पाळीव साप कुत्र्यागत त्याच्या मागेमागे हिंडायचा. ट्रॉयच्या युद्धाहून परतताना त्यानं देवांना डिवचलं आणि समुद्रानं त्याला तो उभा होता त्या खडकासकट गिळलं. तेव्हापासून ओपूसची माणसं लढाईला उभी राहिली की रांगेत एका माणसाची जागा मोकळी सोडतात. राजा येऊन तिथं उभा राहतो. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

फिलिन्नाला राजाची भीती नव्हती, त्या मोकळ्या जागेची होती. ढालीची रीत द्रीमासनंच तिला लग्नानंतर सूप हातात धरून दाखवली होती. "हे बघ, ढाल डाव्या हातात. अर्ध्या ढालीनं मी झाकला जातो, अर्धीनं माझ्या डावीकडचा. मग माझी उजवी कूस कोण राखणार? माझ्या उजवीकडचा." तेव्हा ती हसत हसत त्या सुपाआड शिरली होती. आता द्रीमासच्या उजवीकडे राजा असणार होता, आणि राजाच्या ढालीनं भाला अडवल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. मागच्या लढाईत तिथं सिमीलोस कुंभार होता. उजव्या बरगडीत भोक घेऊन तो चौघांच्या खांद्यावरून घरी आला. "राजानं त्याला जवळ केलं," लोक म्हणाले, आणि त्याच्या बायकोनं मान डोलावली. दुसरं काय करणार बिचारी?

जागा कुणाला द्यायची याचाही रिवाज होता. मागच्या खेपेला ज्याला ओरखडासुद्धा आला नाही, त्याच्यावर राजाची मर्जी. शेजारच्या फोकिस मुलखातली माणसं खिंड उतरून येताहेत अशी वर्दी आली, तेव्हा गावचा वडील अर्खेदामोस यानं चौकात द्रीमासच्या पाठीवर थाप मारून जागा त्याला दिली. "भाग्यवान आहेस लेका!"

सगळे हसले. द्रीमासही हसला. पण घरी आल्यावर त्यानं भाकरी तशीच ठेवली.

फिलिन्नानं जातं सोडलं आणि त्याचं तागाचं चिलखत मांडीवर घेतलं. लोकरीचा जाड नमदा दुमडून उजव्या कुशीला आतून शिवायला बसली. द्रीमास दारात आला.

"काय करतेस?"

"उसवलं होतं."

"उजवीकडेच बरं उसवलं!" त्यानं नमदा चाचपला. "काढ ते, फिलिन्ना."

"कुणाला दिसतंय?"

"चालताना फुगवटा दिसतो. द्रीमासचा राजावर भरवसा नाही म्हणतील. उद्या पोरांना विहिरीवर पाणी भरू देणार नाहीत."

"पोरांना बापच राहिला नाही, तर पाण्याचं काय करू मी?"

तो खाली बसला आणि तिच्या हातातून सुरी घेऊन एकेक टाका स्वतः कापत गेला. धाकटी पोर मधमाशीसारखी गुणगुणत त्याच्या पाठीवर चढत होती, तरी तो कापतच राहिला.

उन्हं चढली तेव्हा बायका टेकडीवरच्या देवळाच्या ओट्यावर जमल्या. खाली ऑलिव्हच्या झाडांपुढं गावची रांग उभी होती. गाव लहान, त्यामुळं रांग एकच, तीही पातळ. वरून ती दातांच्या ओळीसारखी दिसत होती, आणि मधला एक दात पडलेला. त्या फटीच्या डाव्या बाजूचा ठिपका म्हणजे द्रीमास. उजव्या बाजूला तेलेसोन म्हातारा, आणि त्याच्या पलीकडे अर्खेदामोसचा लेक म्नासिआस, बैलासारखा दांडगा.

तेलेसोनची बायको मेगिस्तो फिलिन्नाच्या शेजारीच बसली होती. दोन्ही घरांत अबोला होता. द्रीमासच्या शेळीनं तेलेसोनच्या द्राक्षवेलीचे कोंब खाल्ले होते, आणि तेव्हापासून म्हातारा शेळीशी बोलायचा पण द्रीमासशी नाही.

पलीकडून धूळ उठली. धुळीतून ढाली निघाल्या. इकडच्या बायका एका सुरात राजाला साद घालू लागल्या. फिलिन्नाचे ओठही हलत होते, पण शब्द वेगळे होते. "सरक. उजवीकडे सरक. बुजवून टाक ती फट. सरक ना..."

"काय पुटपुटतेस गं?" मेगिस्तोनं विचारलं.

"राजाचीच प्रार्थना, काकू."

"माझे कान अजून शाबूत आहेत." म्हातारीनं नजर खालीच ठेवली. "त्या राजानं अथेने देवीच्या देवळातून पोर ओढून नेली, आणि त्याच्या पापापायी माझी थोरली बहीण गावानं तिकडं ट्रॉयला त्या देवीचं अंगण झाडायला पाठवली. ती काही परत आली नाही. म्हण तू. मी काही ऐकलं नाही."

फोकिसची रांग जवळ आली. त्यांनाही ती फट माहीत होती. सुरुवातीला कुणी तिच्या समोर यायला धजेना, त्यांची रांगही तिथं थोडी बिचकली. मग एक उंच माणूस पुढं झाला. त्याच्या मागून दोघे. भाले खाली झुकले, आणि रोख थेट द्रीमासच्या उजव्या कुशीवर.

द्रीमास हलला नाही. फिलिन्नानं आपली उजवी कूस दोन्ही हातांनी दाबून धरली.

तेवढ्यात फटीपलीकडचा ठिपका हलला. तेलेसोननं डावीकडे पाऊल टाकलं, मग दुसरं. राजाच्या जागेत शिरून तो द्रीमासच्या अंगाला अंग लावून उभा राहिला. त्याची ढाल द्रीमासवर आली.

फट बुजली नव्हती. ती फक्त तेलेसोनच्या पलीकडे गेली होती.

"म्हाताऱ्या!" मेगिस्तो उठून उभी राहिली. "अरे म्हाताऱ्या, कुठं चाललास!"

फिलिन्नाच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि उतरताना म्हातारीच्या छातीवर बसलेला तिला दिसला. मागितलं ते मिळालं होतं, पण शेजारणीच्या ताटातलं. तिनं मेगिस्तोचा हात धरायला हात पुढं केला. म्हातारीनं तो झिडकारला.

"राजाच्या जागेत पाय ठेवला!" मागून कुणीतरी किंचाळलं.

"ठेवला तर ठेवला!" मेगिस्तो ओरडली. "जागा गेली का कुठं? ती बघ, आहे तिथंच!"

ती आता तेलेसोन आणि म्नासिआस यांच्या मध्ये होती. उंच माणसाचा भाला तिकडे वळला. म्नासिआसनं एक पाऊल डावीकडे टाकलं असतं, तर म्हातारा झाकला गेला असता. पण म्नासिआस मेखेसारखा उभा. त्याची बायको ख्लोरिस ओट्याच्या कडेला गेली होती. "नको," ती हलक्या आवाजात म्हणत होती. "नको, तुम्ही नका सरकू." आणि फिलिन्नाला तिचा रागही येईना. घटकाभरापूर्वी तिचं स्वतःचंही तोंड असंच हलत होतं.

भाला लागला. तेलेसोन एका गुडघ्यावर आला. मेगिस्तोनं ओढणी दातांत धरली.

मग म्नासिआस हलला. एकदम, ढकलल्यासारखा. म्हाताऱ्यावर त्याची ढाल आली, आणि फट त्याच्या पलीकडे गेली. ख्लोरिसनं डोळे झाकले. पण म्नासिआसच्या पलीकडचा लगेच सरकला. त्याच्या पलीकडचाही. फट रांगेतून चालू लागली. ज्याच्याजवळ ती पोचे त्याची बायको ओट्यावर हुंदका देई, आणि फट पुढं गेली की खाली बसे. तो हुंदका ओट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला.

फोकिसची माणसं भाले धरून फटीमागं वळत राहिली आणि एकमेकांत अडकली. त्यांच्यातला कुणी मागं हटला, मग बरेच.

"राजा चालतोय!" एक म्हातारी रडत म्हणाली. "बाई गं, राजा रांगेतून चालतोय!"

फट उजव्या टोकाला पोचली आणि बाहेर पडली. रांग सलग झाली. टोकापलीकडे फक्त गवत राहिलं, आणि राजेलोक खरं म्हणजे मानाच्या उजव्या टोकालाच उभे राहतात.

फोकिसची माणसं खिंडीकडे परतली.

द्रीमास आणि म्नासिआस तेलेसोनला ढालीवर घालून आले. जखम खोल होती, पण आत पोचली नव्हती. मेगिस्तो ऑलिव्हच्या तेलानं ती धुवत होती आणि शिव्या देत होती. फिलिन्ना लोकर पिंजून देत होती. या खेपेला म्हातारीनं तिचा हात झिडकारला नाही.

"काका, का सरकलात?" द्रीमासनं विचारलं.

"तुझी शेळी मेली असती का तू मेल्यावर?" तेलेसोन कण्हत म्हणाला. "मग मी भांडायचं कुणाशी?"

"आणि हा बैल?" मेगिस्तोनं म्नासिआसकडे हनुवटी केली.

म्नासिआस खाली बघत राहिला. "काका ओरडले," तो म्हणाला. "म्हणाले, राजाला पुढं जायचंय, वाट सोड. मग मी पलीकडच्याला तेच ओरडलो."

संध्याकाळी अर्खेदामोसनं सगळ्यांना चौकात बोलावलं. बायका कठड्याशी उभ्या राहिल्या. फिलिन्नानं नवऱ्याच्या अंगावर ओरखडा शोधून पाहिला. द्रीमासला या खेपेलाही ओरखडा नव्हता, आणि रिवाज तर तसाच होता.

"रिवाज मोडला असं काहीजण म्हणतात," अर्खेदामोस म्हणाला. "तेव्हा पुढच्या खेपेची जागा ठरवण्याआधी खरं सांगा. आज राजा कुणाजवळ उभा होता?"

द्रीमास पुढं झाला. "माझ्याजवळ."



"माझ्याजवळ," भिंतीला टेकलेला तेलेसोन म्हणाला.

म्नासिआसनं बापाकडे पाहिलं. "माझ्याजवळ."

मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. उजव्या टोकाच्या माणसापर्यंत सगळे एकेक करून तेच बोलले, आणि खोटं त्यांतलं कुणीच बोलत नव्हतं. अर्खेदामोस थाप मारायला उचललेला हात घेऊन उभा राहिला. कुणाच्या पाठीवर ठेवावा ते त्याला कळेना.