जावयाच्या गाडीला काय झालं

चौतीस वर्षं मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो. इंजिन उभ्या जागी कसं वाजून राह्यलं एवढ्यावरून मी रोग सांगायचो. आणि त्या रविवारी तीर्थपुरीत, माझ्याच दारात, माझ्यावर तोंड शिवून बसायची पाळी आली.

कारण धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई जेवायला येतो म्हंजे देवच येतो, आणि देवाची चूक काढायची न्हाई. त्यात आमच्या देवाचा माझ्यावर जुना राग. दीड वर्षामागं मी चार माणसांत बोलून गेल्तो, "हरिओमराव, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका, प्लेट जळंल." प्लेट जळली, बरं का! पण तवापासून आमची सुरेखा माहेरी आली न्हाई. पंचमी गेली, राखी गेली, दिवाळी गेली. "सवड न्हाई," एवढाच निरोप.

म्हणून सकाळीच माझ्या बायकोनं, द्वारकाबाईनं, मला दम भरला. "जावयापुढं एक शब्द काढून बघा. पोरगी पुन्हा डोळ्याला दिसायची न्हाई."

हरिओमराव नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत साहेब. अकराला आले, पुरणाचे धोंडे खाल्ले, अनारशाचं वाण घेतलं, तासभर लोळले आणि तीनला उठून म्हणले, "चल सुरेखा, निघू." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

गाडी चालू केली तर ती थरथर कापायला लागली. काटा वर, काटा खाली, अन् पाय काढला की बंद पडायला बघती.

मी उठलो. "बसा मामा," जावई म्हणले, "हे नवीन इंजिन आहे. तुमच्या लाल डब्यातलं न्हाई."

बसलो. पण कान कुठं बसतात? बॉनेट उघडल्याबराबर डाव्या अंगाला बारीक सुऽऽ आवाज. इंजिन भलत्या ठिकाणाहून हवा ओढत होतं. एक रबरी नळी निसटलेली, बाकी काय न्हाई. अर्ध्या मिनिटाचं काम!

हरिओमरावांनी मोबाईल काचेला टेकवून ठेवला आणि व्हिडिओ लावला. व्हिडिओतला माणूस म्हणला प्लग साफ करा. जावयानं चारी प्लग काढले, द्वारकाबाईच्या भांड्याच्या घासणीनं घासले, परत बसवले. सुऽऽ. दुसरा म्हणला फवारा मारा. अर्धा डबा फवारा मारला, अंगणभर वास. सुऽऽ. मंग खिशातून ऑनलाइन मागवलेलं यंत्र काढून गाडीला जोडलं. मोबाईलवर उमटलं, इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. अरे वा! मी मनातल्या मनात टाळी वाजवली. यंत्रानंच सांगितलं की आता!

जावयानं कपाळाला आठ्या घालून बराच विचार केला. "पंपवाल्यानं पेट्रोलमध्ये पाणी घातलंय," ते म्हणले.

मी उपरणं तोंडात कोंबलं.

तेवढ्यात समोरचे सर्जेराव आले. सर्जेरावांनी जन्मात सायकलीची चेन बसवली न्हाई. ते म्हणले, "बॅटरी असंल." जावयानं त्यांचंही ऐकून घेतलं, बॅटरी हालवून बघितली. का न्हाई ऐकणार? सर्जेराव काय त्यांचे सासरे न्हाईत.

पाच वाजता मंडळी चहाला आत गेली. मला ऱ्हावलं न्हाई. हळूच जाऊन बॉनेटात वाकलो. नळी लोंबत होती, मी ओळखलं तशीच. पण तिच्यावरची क्लिप गायब. ती क्लिप आपसूक निघत न्हाई, पक्कड लागती. मी इकडं शोधतो, तिकडं शोधतो, तर मागं सुरेखा उभी. तिनं मूठ उघडली. मुठीत क्लिप.

"तू काढली?"

"हे झोपले होते तवा," ती म्हणली. "आबा, आज लावू नका. दीड वर्षानं आले अन् चार तासांत चल म्हणून राह्यले. मला एक रात्र आईजवळ झोपायचंय."

बत्तीस वर्षांची बाई, स्वतःच्या आईजवळ झोपायला तिला गाडी बिघडवावी लागती! अन् जीभ माझी, म्हंजे त्यातला निम्मा गुन्हा माझाच.

तेवढ्यात हरिओमराव हात पुसत बाहेर आले. पांढऱ्या शर्टावर ऑईल, केस विस्कटलेले, पार जिरलेली. लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा ते माझ्यासमोर येऊन म्हणले, "मामा, तुम्हीच सांगा बरं. काय झालं असंल?"

सर्जेराव पण कान देऊन उभे. ह्याच घडीची मी नऊ वर्षं वाट बघत होतो हो! चौतीस वर्षांत इंजिनाबद्दल एक शब्द खोटा बोललो न्हवतो. सुरेखा खाली मान घालून उभी, मूठ गच्च मिटलेली.

"जावईबापू, मला अडाण्याला काय कळतंय ह्यातलं," मी म्हणलो. "पेट्रोलात पाणीच दिसतंय. आजची रात्र गाडी हालवू नका."

"बघा! मी म्हणलो न्हवतो का!" जावई ओरडले. "एवढी वर्षं डेपोत काढली, तरी शेवटी मलाच सांगावं लागलं."

"बराबर हाय तुमचं," मी म्हणलो, आणि डिक्कीतून सुरेखाची पिशवी काढून घरात नेऊन ठेवली.